जुनं इंग्रजी स्पेलिंग की छपाईची चूक? एकसारख्या दिसणाऱ्या शब्दांचा गुंता

जुनीपाने
नमस्कार मंडळी. एका कामात अडकले आहे, म्हणून हा धागा.

गेले चार महिने मी घरून जुन्या इंग्रजी पुस्तकांचा मजकूर तपासते. पानं स्कॅन होऊन येतात, संगणक अक्षरं ओळखून टाइप करतो आणि मी मूळ पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघते. सध्या हातात सतराव्या शतकाच्या अखेरीला लंडनमध्ये छापलेलं एक प्रवासवर्णन आहे. लिहिणारा सुरतेच्या वखारीतून निघाला आणि घाट चढून दख्खनेत आला. (इथे देवनागरीतच लिहायचं असल्यामुळे स्पेलिंग अक्षरं सुटी करून देते, सांभाळून घ्या.)

पहिल्या चाळीस पानांत मी बऱ्याच 'चुका' सुधारल्या. शो हा शब्द एस-एच-ई-डब्ल्यू असा छापला होता, मी ई काढून ओ घातला. पब्लिकच्या शेवटी के होता, तो उडवला. चूज हे सी-एच-यू-एस-ई होतं, तेही बदललं. मग एका पानावर 'मोअर दॅन'मधला दॅन टी-एच-ई-एन असा दिसला. एकदा चुकलं असेल म्हणून पुढे गेले, तर पुढच्या चार पानांत तो तसाच. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की ही चूक नाही, त्या काळची रीत आहे. मी चाळीस पानांवरची रीत पुसून टाकली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता भीती उलटी आहे. काही जुनी स्पेलिंगं आज दुसऱ्याच शब्दाची आहेत. 'ह्यूमन नेचर' लिहायचं तिथे शेवटी ई आहे, म्हणजे आजच्या वाचकाला ते 'ह्यूमेन', दयाळू, असं दिसणार. आयलंडमध्ये एस नाही, नुसतं आय-एल-ए-एन-डी. संगणकाने त्यात एक एन घुसडून 'इनलँड' करून ठेवलं. समुद्रातलं बेट उचलून मुलखाच्या मधोमध नेलं!

आणि सगळ्यात अडलेलं वाक्य. घाट चढून वर आल्यावर तो लिहितो की त्या वाटेचा टी-आर-ए-व्ही-ए-आय-एल फार मोठा होता. आज हा शब्द म्हणजे कष्ट. पण जुन्या काळी ट्रॅव्हल, म्हणजे प्रवास, हाही असा लिहीत असं वाचलंय. प्रवास मोठा की कष्ट मोठे? घाट म्हटल्यावर दोन्ही बसतं.

तर प्रश्न असे. जुनं स्पेलिंग कुठलं, खिळे (छपाईचे अक्षरांचे ठसे) जुळवणाऱ्याची चूक कुठली आणि मुळात वेगळाच शब्द कुठला, हे ओळखायचं कसं? आणि ओळखलं तर बदलायचं का?

कोकणकडा
भारी धागा. वाचतोय.

गोदाकाठ
जुनीपाने ताई, एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे राहवत नाही.

देन आणि दॅन हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार. एका चुलीवर जेवणारे दोन भाऊ म्हणा. पुढे चुली वेगळ्या झाल्या, एकाच्या वाट्याला ई आला, दुसऱ्याच्या वाट्याला ए. तुमचं पुस्तक ज्या काळातलं आहे तेव्हा ही वाटणी पुरती झाली नव्हती. अशी जोडपी इंग्रजीत पुष्कळ आहेत. ऑफ एका एफचा आणि दोन एफचा, मूळ एकच. मेटल आणि मेटल, म्हणजे धातू आणि धमक, मूळ एकच. धमकेला नंतर डबल टी आणि एल-ई मिळालं. ह्यूमन आणि ह्यूमेनही तसंच. अठराव्या शतकापर्यंत शेवटच्या ई ने अर्थ बदलत नव्हता, नंतर 'दयाळू' अर्थाने तो ई ठेवून घेतला.

माझं आवडतं जोडपं फ्लॉवर आणि फ्लोअर, म्हणजे फूल आणि पीठ. दळलेल्या धान्यातला सगळ्यात चांगला, बारीक भाग तो त्या धान्याचं 'फूल'. अठराव्या शतकातही पीठ बऱ्याचदा फुलाच्याच स्पेलिंगने लिहिलेलं सापडतं. म्हणून जुन्या पाककृतीत 'पाव शेर फ्लॉवर घ्या' असं आलं तर बागेत जायचं नाही, डब्यात हात घालायचा.

नवी_पालवी
काका, म्हणजे मोदकाची उकड फुलांचीच की! आईला आत्ताच सांगितलं, ती फार खूश झाली.

छापखानेवाला
आमचा कोल्हापूरला छापखाना होता. आजोबांच्या हाताखाली मी लहानपणी खिळे निवडून केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीच्या, घरात टाकायचो, त्यामुळे या धाग्यातली एक बाजू मला जवळची.

ताई, तुमच्या पुस्तकात लांब एस, म्हणजे एसचं जुनं लांबट रूप, असणारच. दिसायला एफसारखा, पण एफची आडवी रेघ दोन्ही बाजूंना जाते आणि लांब एसला असलीच तर फक्त डावीकडे इवलीशी असते. खिळा झिजलेला असला, शाई जास्त बसली, की डोळ्यालाही फरक कळत नाही. संगणकाला कुठून कळणार? 'शॅल'चं एफ-एच-ए-एल-एल झालं तर सोपं, असा शब्दच नाही. घात होतो तो दोन्ही शब्द खरे असतात तेव्हा. सोलचा, म्हणजे आत्म्याचा, पहिला एस एफ झाला की तो 'फाउल' होतो, घाणेरडा. सेलचा, म्हणजे शिडाचा, 'फेल' होतो. आणि वाइज, म्हणजे शहाणा, त्याची 'वाइफ' होते. स्पेलिंग तपासणारा प्रोग्रॅम या तिन्हींना बरोबरची खूण करतो.

एक खूण लक्षात ठेवा. लांब एस शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये येतो, अगदी शेवटी येत नाही. त्यामुळे शेवटी एफ दिसला तर तो एफच.

हे अक्षर साधारण १८०० च्या आसपास छापखान्यांतून गेलं. लंडनच्या टाइम्सने १८०३ मध्ये ते सोडलं.

रसिका
म्हणजे तेव्हाचे लोक 'सोल'ला 'फोल' म्हणायचे का? मी एका मालिकेत तसं ऐकलंय.

छापखानेवाला
नाही हो रसिका ताई. उच्चार स च. अक्षराचं रूप फक्त वेगळं. आपण जुन्या पद्धतीचा अ आणि आताचा अ दोन्ही अ म्हणूनच वाचतो ना, तसं.

लंडनचा_पाऊस
याच जातीचं एक उदाहरण इकडे रोज दिसतं. जुनाट दिसावं म्हणून पबच्या आणि चहाच्या दुकानांच्या पाट्यांवर 'ये ओल्ड' असं लिहितात, ये म्हणजे वाय-ई. पर्यटक मोठ्याने 'ये' वाचतात. खरं तर तो 'द' आहे.

जुन्या इंग्रजीत थ आणि द या आवाजांसाठी थॉर्न नावाचं एक स्वतंत्र अक्षर होतं, दांड्याला पोट आलेलं. हस्तलिखितांत त्याचं पोट वरून उघडं पडत गेलं आणि ते वायसारखं दिसायला लागलं. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, पण खिळे युरोपातल्या वळणाचे, त्यांत थॉर्न नाही. मग जवळचं म्हणून वाय वापरला. १६११ च्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्या छपाईतही जागा कमी पडली की वायच्या डोक्यावर छोटा ई ठेवून 'द' छापलेला सापडतो.

गंमत म्हणजे इंग्रजीत खराखुरा 'ये'ही होता, 'तुम्ही लोक' अशा अर्थाचा. त्यामुळे एकाच पानावर दोन्ही येऊ शकतात. मागे नाम आलं की 'द', क्रियापद आलं की बहुधा 'तुम्ही'.

कोकणकडा
'मागे नाम आलं की' म्हणजे पुढे ना? वाचनाच्या दिशेने?

लंडनचा_पाऊस
हो हो, त्या शब्दानंतर. घाईत लिहिलं.

एडिंबराची_मामी
थॉर्न निघालाच आहे तर त्याचा दुर्दैवी भाऊही घ्या. स्कॉटलंडमध्ये योख नावाचं अक्षर होतं, आकड्यातल्या तीनसारखं. छापखान्यात ते नव्हतं, तिथे झेड बसवला. त्याचा परिणाम आजही लोक आडनावात वागवतायत. मेन्झीज असं लिहितात आणि जुन्या पद्धतीने 'मिंगिस' म्हणतात. डॅल्झिएल असं लिहितात आणि 'डीएल' म्हणतात. नवीन आले तेव्हा मी ऑफिसात एका डीएल साहेबांना सहा महिने डॅल्झिएल म्हणत होते. त्यांनी एकदाही टोकलं नाही, भला माणूस.

शेटलंड बेटांचंही तेच. जुन्या कागदात झेटलंड. १९७५ पर्यंत तिथल्या कौन्सिलचं नाव झेटलंड होतं आणि पिनकोड अजून झेड-ई ने सुरू होतो. झेड तिथे कोणी कधी म्हटला नव्हता, तो निव्वळ दिसण्यातून आला.

मांडवीकाठ
गोव्याहून एक शब्द घाला. ताई, तुमच्या पुस्तकात जेल कसा लिहिलाय? जी-ए-ओ-एल असेल तर जपा, संगणक त्याचा 'गोल' करतो.

ही दोन रूपं इंग्रजीत फ्रेंचच्या दोन बोलींतून आली. नॉर्मंडीकडच्या लोकांनी ग ने आणलं, पॅरिसकडच्यांनी ज ने. म्हणायला दोन्ही जेलच. डब्लिनच्या किल्मेनम तुरुंगाच्या नावात अजून जुनं स्पेलिंग आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ छोटा पिंजरा. आणि हे वाचल्यावर मी उडालोच, कारण आमच्या आजीच्या पोर्तुगीजमध्ये पोपटाच्या पिंजऱ्याला गायोला म्हणतात! तोच शब्द. इंग्रजाने त्यात चोर घातला, आजीने पोपट.

अवांतर: आपला 'तुरुंग'ही पोर्तुगीज 'त्रोंकू'वरून आला. म्हणजे खोड, ओंडका; कैद्याचे पाय ज्या लाकडात अडकवायचे ते.

जुनीपाने
मांडवीकाठ, आत्ता बघितलं. माझ्या पुस्तकात तो शब्द तीनदा आहे. दोनदा जी-ए-ओ-एल. पण तिसऱ्यांदा मूळ पानावरच जी-ओ-ए-एल छापलंय! संगणकाची चूक नाही, मी भिंग लावून पाहिलं. आता हे काय समजायचं?

मांडवीकाठ
सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्लंडच्या कागदांत, अगदी कोर्टाच्या कागदांतही, तुरुंगासाठी 'गोल' हे स्पेलिंग वारंवार येतं. खिळे जुळवणाऱ्याचा हात चुकला की लिहिणाऱ्याचीच सवय, हे एका जागेवरून सांगता येणार नाही. पण 'चूक' म्हणून बदलू नका.

संपादिका_नाशिक
माझं मत थोडं वेगळं आहे, आणि ते मांडायला हवं असं वाटतं.

हे पुस्तक कोण वाचणार? इतिहासाचा विद्यार्थी, सुरतेबद्दल कुतूहल असलेला कोणी निवृत्त माणूस, एखादी शाळकरी मुलगी. तिला 'गोल'मध्ये टाकलेला कैदी आणि 'दयाळू स्वभाव' समजणार नाही, ती चुकीचा अर्थ घेऊन जाईल. लेखकाला जे सांगायचं होतं ते पोचवणं हीच त्याच्याशी निष्ठा. पोटात अर्थ न पोचवता नुसतं साल जपून काय करायचं? आपण ज्ञानेश्वरीच्या सार्थ आवृत्त्या काढतोच ना?

मोडीप्रेमी
संपादिका ताई, सार्थ आवृत्तीत वर मूळ ओवी असते आणि खाली अर्थ. ओवीच बदलून कोणी छापत नाही.

संपादिका_नाशिक
मान्य. पण ताईंना दोन थर करायची सोय दिलीय का ते बघायला हवं. एकच मजकूर ठेवायचा असेल तर मी वाचकाच्या बाजूने.

गोदाकाठ
शिक्षक म्हणून मला तुमची काळजी कळते. मुलांनी एस-एच-ई-डब्ल्यू लिहिलं तर मी लाल खूण करायचो. पण एकदा एका मुलीने विचारलं, 'सर, एस-ई-डब्ल्यू जर सो आहे, शिवणे, तर एस-एच-ई-डब्ल्यू शो का नाही?' मला तेव्हा उत्तर आलं नाही. आज सांगितलं असतं की बाळ, तू बरोबर आहेस, तीनशे वर्षांपूर्वी तुला पूर्ण गुण मिळाले असते. जुनं स्पेलिंग पुसलं की असे प्रश्नही पुसले जातात.

न्यूजर्सीकर
इकडून थोडी भर. अमेरिकेच्या राज्यघटनेत, १७८७, प्रतिनिधिगृह आपला सभापती निवडेल असं जे कलम आहे त्यात निवडण्याचं स्पेलिंग सी-एच-यू-एस-ई आहे. कंट्रोलमध्ये यू आहे. आणि इट्स, 'त्याचा' या अर्थाने, चक्क एसच्या आधी वर स्वल्पविराम (अपॉस्ट्रॉफी) देऊन लिहिलाय, ज्यावर आज शाळेत मार्क कापतात. सह्यांच्या भागात पेनसिल्व्हेनियात एकच एन. फिलाडेल्फियाच्या लिबर्टी बेलवरही एकच एन आहे. ती घंटा १७५२ मध्ये लंडनहून ओतून आणली. लोक म्हणतात कारागीर चुकला. तो चुकला नव्हता, तेव्हा तसंही लिहीत.

त्या घटनेची भाषा कोणी 'सुधारली' नाही. अजून तशीच उद्धृत करतात.

रसिका
पब्लिकचा के अमेरिकनांनी काढला ना? नोआ वेबस्टरने?

गोदाकाठ
अंशतः. डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात पब्लिक, म्युझिक के घेऊनच आहेत, वेबस्टरच्या १८२८ च्या कोशात के नाही. पण इंग्लंडमध्येही तो के आपसूक गळत होता. वेबस्टरला विमेन, टंग असेही शब्द उच्चाराप्रमाणे लिहायचे होते, ते लोकांनी घेतले नाहीत. कोश सांगतो म्हणून स्पेलिंग बदलत नाही, लोकांच्या हाताला वळण पडावं लागतं.

आणि आयलंडमधला एस! तो तर मुळात खोटा आहे. जुना इंग्रजी शब्द एस शिवायच होता. पुढे पंडितांना वाटलं हा फ्रेंच-लॅटिनमधल्या आइलचा नातेवाईक, म्हणून त्याला एस चिकटवला. म्हणजे ताई, तुमच्या पुस्तकातलं आय-एल-ए-एन-डी जुनं आणि खरं, आजचं 'बरोबर' स्पेलिंग गैरसमजातून आलेलं. डेट, म्हणजे कर्ज, यातला मुका बी मात्र लॅटिनचं खरं नातं दाखवायला घातला. मुक्या अक्षरांपैकी कोण खरं बोलतं आणि कोण खोटं, हे त्यांच्याकडे बघून कळत नाही.

खडकीकर
आपल्या गावांची नावं तर सोडूनच दिलीत! १८५३ ची पहिली आगगाडी त्या काळच्या इंग्रजीत बोरीबंदरहून 'टॅना'ला गेली, टी-ए-डबल एन-ए-एच. संगणकाने याचा 'टॅनर', म्हणजे कातडी कमावणारा, करून ठेवलेला मी स्वतः पाहिलाय. खडकी अजून किर्की वॉर सिमेटरीच्या नावात जिवंत आहे. टिळक-आगरकरांचं १८८१ चं इंग्रजी पत्र म्हणजे 'मऱ्हाटा', एम-ए-एच-आर ने सुरू होणारं. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशाच्या नावात 'मराठी'ला एमनंतर यू आणि शेवटी डबल ई आहे, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ए आणि आय झाले. एकाच कोशात सव्वीस वर्षांत बदल.

त्या काळी इंग्रज आपला अ यू ने लिहायचे. बंदरमध्ये यू, पंजाबमध्ये यू. आणि पुण्याचं बंड गार्डन! लहानपणी मला वाटायचं तिथे कुणीतरी बंड केलं असणार. तो बंध, नदीवर घातलेला बंधारा. यू वाचून आपण बंड केलं.

नवी_पालवी
मी तेवीस वर्षं पुण्यात राहते आणि मलाही तिथे बंडच झालं असं वाटत होतं.

छापखानेवाला
अवांतर चाललंय पण एक राहवत नाही. जुन्या इंग्रजीत एर चा आर व्हायचा. पर्सन आणि पार्सन, माणूस आणि पाद्री, एकाच शब्दाची दोन रूपं. क्लर्क लिहायचं आणि क्लार्क म्हणायचं. आपण मराठीत क्लार्कच म्हणतो, सार्जंटच म्हणतो, कारण आपण तो शब्द साहेबाच्या तोंडून ऐकून घेतला, पुस्तकातून नाही. त्यामुळे आपल्या मराठीत इंग्रजीचा जुना आवाज टिकून आहे.

मोडीप्रेमी
आता मूळ प्रश्नाकडे. ताई, तुम्हाला जे आज करावं लागतंय ते मोडी वाचणारे रोज करतात, म्हणून लिहितो.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवायची रीत नाही. दिन आणि दीन, सुत आणि सूत, कागदावर एकच. शब्दही सलग, मध्ये जागा नाही. कोश उघडून उपयोग नसतो, कारण कोशात दोन्ही आहेत. निकाल लागतो तो तीन गोष्टींवर: कागद कधीचा, त्याच लेखनिकाने इतरत्र तो शब्द कसा लिहिलाय, आणि शेजारचे शब्द काय सांगतात. याच क्रमाने. माणसं शेवटच्यापासून सुरुवात करतात, म्हणजे आपल्याला जो अर्थ आवडला तो आधी घेतात, आणि तिथेच फसतात.

दुसरं, देवनागरीतलं. जुन्या मराठी पुस्तकात नांव म्हणजे नेम आणि नाव म्हणजे होडी. नामातल्या म चा अंश त्या टिंबात राहिला होता. गांवमध्ये ग्रामचा, पांचमध्ये पञ्चचा. १९६२ च्या नियमांनी ही न उच्चारली जाणारी टिंबं काढली आणि नाव व नांव एक झाले. इंग्रजीत एका चुलीच्या दोन झाल्या, आपल्याकडे दोन चुली एकत्र आल्या. नियमाबद्दल माझी तक्रार नाही, मी तेच नियम पाळून लिहितोय. पण कोणी १८९० चं पुस्तक टाइप करताना ती टिंबं 'चूक' म्हणून पुसली तर माझ्या पोटात गोळा येतो. ती आज कोणाला ऐकू येत नाहीत म्हणून कधीच नव्हती असं होत नाही.

मांडवीकाठ
आमच्याकडे कोंकणीत नांव आणि गांव अजून नाकातूनच म्हणतात. टिंब शाबूत आहे.

मोडीप्रेमी
वा! म्हणजे ते टिंब समुद्राकाठी सुखरूप आहे. बरं वाटलं.

संपादिका_नाशिक
नांव आणि नाव हे उदाहरण मला पटलं. माझी आजी पत्रात 'तुझें नांव' असंच लिहायची, ती पत्रं कोणी 'शुद्ध' करून दिली असती तर मी घेतली नसती. माझं आधीचं मत बदलते. मूळ तसंच ठेवा, आणि जमेल तिथे समासात अर्थ द्या. शाळकरी मुलीसाठी समास महत्त्वाचा, तेवढा आग्रह मात्र सोडत नाही.

कोकणकडा
आणि तो घाट? प्रवास की कष्ट? त्यासाठी मी कालपासून वाट बघतोय.

गोदाकाठ
त्याचं मूळ मजेदार आहे. लॅटिनमध्ये तीन खुंटांचं एक छळाचं साधन होतं, त्यावरून फ्रेंच 'त्रावाय', म्हणजे आधी यातना, मग श्रम, मग काम. इंग्रजीत येऊन त्यातूनच प्रवास हा अर्थ फुटला, कारण त्या काळी प्रवास म्हणजे हालच. कित्येक पिढ्या दोन्ही अर्थांना दोन्ही स्पेलिंगं चालली. सतराव्या शतकाच्या अखेरीस वाटणी बरीच झाली होती, पण जुन्या वळणाचा माणूस अजून सरमिसळ करू शकतो.

कोकणकडा
आपल्याकडे यात्रा आणि यातना दिसायला शेजारी, पण धातू वेगळे, या आणि यत्. इंग्रजीत मात्र खरंच एकाच पोटचे. वारीला चालत गेलेल्या माझ्या काकूला सांगतो, ती म्हणेल इंग्रजाला कळलं होतं.

मोडीप्रेमी
ताई, पुस्तकभर तो शब्द मोजा. दोन्ही स्पेलिंगं, प्रत्येक जागा. मग घाटाकडे या.

जुनीपाने
तीन दिवस लागले, पण मोजलं.

टी-आर-ए-व्ही-ई-एल अशा स्पेलिंगने सोळा वेळा. सगळीकडे प्रवासच: किती कोस, किती दिवस, कोणत्या गावाहून. ए-आय वालं स्पेलिंग चार वेळा. एकदा बैल चिखलात रुतले तेव्हा. एकदा एका बाईच्या बाळंतपणात, तिथे तर शंकाच नाही. एकदा हमाल ओझं घेऊन दमले तेव्हा. आणि चौथा आपला घाट.

म्हणजे या माणसाने, किंवा त्याच्या छापखान्याने, दोन चुली वेगळ्या केल्या होत्या. घाटाचे कष्टच मोठे होते. मला आधी प्रवास वाटलं होतं, कारण पुढच्या ओळीत कोसांचा हिशेब आहे. मोडीप्रेमी, तुम्ही म्हणालात तसंच, मी शेजारच्या ओळीपासून सुरुवात केली होती.

काम देणाऱ्यांनाही विचारलं. मूळ मजकूर आहे तसा ठेवायचा आणि टिपेसाठी वेगळा रकाना वापरायचा, असं ठरलं. संपादिका ताई, तुमच्या शाळकरी मुलीसाठी ह्यूमनपाशी पहिली टीप लिहिली. 'गोल' तसाच ठेवलाय, त्याची टीप मांडवीकाठांच्या पिंजऱ्यासकट. आयलंडमधून एन काढला, बेट परत समुद्रात गेलं.

आणि पहिल्या चाळीस पानांतले के, ई, यू परत जागच्या जागी ठेवते आहे, मूळ पान बघून, एकेक. आज सत्ताविसाव्या पानावर पोचले.

छापखानेवाला
सत्ताविसावर लांब एस नीट बघा ताई. पानाच्या कडेला शाई जास्त बसते.

जुनीपाने
बघितलं. दोन 'वाइफ' होत्या, दोन्ही 'शहाण्या' निघाल्या.